दहा माणसांचा हिशेब

इस्रायलमधल्या बेर-शेवाच्या बसस्थानकातून दिमोनाची बस सुटली की थोड्याच वेळात शहर मागे पडतं आणि नेगेवचं वाळवंट सुरू होतं. राजस्थानातल्यासारखे वाळूचे डोंगर इथे दिसत नाहीत. पिवळट, खडकाळ जमीन, मधूनच एखादं काटेरी झुडूप, लांबवर बेदुइनांच्या पत्र्याच्या वस्त्या. २०१९चा नोव्हेंबर होता, तरी दुपारचं ऊन डोळ्यांवर येत होतं. पुढच्या बाकावर दोन बायका हिब्रूत बोलत होत्या. त्यातल्या एकीचा फोन वाजला आणि ती मराठीत म्हणाली, "हो, निघाले. तू भात लावून ठेव, मी आले की आमटीला फोडणी घालते."

मी अलिबागची. इस्रायल आळीतून रोज शाळेत जायचे. मागेन आबोथ या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, फाटकावरून जाताना आत डोकावायची सवय होती. तिथल्या मराठी ज्यूंचा, म्हणजे बेने इस्रायलांचा, आजीच्या तोंडी 'आपले इस्रायली' असाच उल्लेख असायचा. आळीतली बरीचशी घरं तेव्हाच बंद होती किंवा त्यांत दुसरी माणसं राहायला आली होती. ती सगळी गेली कुठे, याचं घरातलं उत्तर एकच असायचं, 'त्यांच्या देशात गेली.' त्यांचा देश तर आमच्या शेजारीच होता, मग ते गेले का, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून होता. त्यांतली बरीच मंडळी दिमोनात वसली, तिथे जायचं कारण तेच.

१९५५ साली वसवलेलं हे गाव. नव्याने आलेल्या लोकांना बोटीवरून किंवा विमानतळावरून थेट अशा नव्या गावांत न्यायचं, असं त्या काळातलं सरकारी धोरण होतं. तेल अवीव, हैफा आधीच भरली होती, आणि सीमाभाग नि वाळवंट वसवायचं होतं. त्यामुळे मोरोक्कोहून आलेले आणि रायगडहून आलेले ज्यू इथे एकाच जिन्यावर शेजारी झाले. चार मजली सिमेंटच्या चाळीवजा इमारती, मधे मोकळी जागा, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. गावातल्या कापडगिरण्यांत आणि मृत समुद्राकाठच्या कारखान्यांत आपल्या माणसांनी वर्षानुवर्षं पाळ्या केल्या. आज इथल्या किराणा दुकानात तूरडाळ, पोहे, कोकम, गोडा मसाला, सगळं मिळतं. दुकानदार मराठीत भाव सांगतो आणि हिब्रूत सुट्टे मागतो.

ज्यांच्या घरी मी उतरले त्या आजी मूळच्या रेवदंड्याच्या, वय ऐंशीच्या आसपास. त्यांची सून बेर-शेवातच जन्मलेली. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर हिब्रूत देते. आजींनी दारातच विचारलं, "चौलचा रस्ता अजून तसाच का ग बाय? सुपाऱ्यांच्या वाड्या आहेत ना?" मी आहेत म्हटलं. कितीशा राहिल्यात ते मला त्या क्षणी सांगवलं नाही.

त्या दिवशी घरात मलिदा, म्हणजे बेने इस्रायलांचा नवस फेडायचा विधी, होता. नातू सैन्यातली नोकरी पुरी करून घरी आला होता, त्याचा नवस. मोठ्या परातीत भिजवलेले पोहे, त्यात खवलेलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप. आजी सगळं हातानेच कालवत होत्या, चमचा त्यांना चालत नव्हता. पोहे भिजवायचे ते नुसतं पाणी शिंपडून, कोमट पाण्यात बुडवले तर लगदा होतो, हे त्या सुनेला पुन्हा सांगत होत्या, आणि सून मान डोलावत होती. परातीभोवती फळं मांडली, खजूर, सफरचंदं, केळी. झाडाच्या फळांची प्रार्थना वेगळी, जमिनीतून येणाऱ्यांची वेगळी, आणि केळं जमिनीच्या बाजूला जातं. मग सुवासाची प्रार्थना. त्यासाठी सब्जाची डहाळी लागते. आजींनी गॅलरीतल्या कुंडीत सब्जा लावला होता आणि वाळवंटाच्या वाऱ्यापासून राखायला त्याला भोवताली जुन्या साडीचा आडोसा केला होता. घरात माणसं जमली, पुरुषांनी डोक्यावर टोप्या चढवल्या आणि 'एलियाहू हनाबी' हे एलियाहू प्रेषिताचं गाणं सुरू झालं. चाल अशी की डोळे मिटले असते तर मी कुठल्याही कोकणी घरातल्या आरतीत बसले आहे असंच वाटलं असतं.

प्रार्थना सुरू करण्याआधी एका काकांनी घरातले पुरुष मोजले. घरच्या मलिद्याला एवढा काटेकोरपणा लागतो असं नाही, पण सवय जात नाही, असं ते म्हणाले. ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष हवेत, त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असतील तर हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, उभा राहिला तरी काही प्रार्थना म्हणता येत नाहीत, तोरा हा धर्मग्रंथ वाचता येत नाही, मयतासाठीचा कद्दीशही नाही. आपल्या गावातून हे लोक का गेले याचं सगळ्यात खरं उत्तर मला या दहाच्या आकड्यात सापडलं.

पण आधी थोडं मागे जायला हवं. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष नि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावच्या किनाऱ्यावर पुरलं. त्या जागी आज स्मारक आहे. वाचलेले गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' झाले. रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर, चेऊलकर, दिवेकर, अष्टमकर ही आडनावं नुसती वाचली तरी अर्धा रायगड जिल्हा फिरून होतो. शेमा एवढी प्रार्थना, सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, खवले नि पर असलेलाच मासा खायचा, एवढं त्यांनी धरून ठेवलं. ज्यूद्वेष म्हणजे काय, हे त्यांना कोकणात कधी कळलं नाही. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण त्यामुळेच त्यांचं जाणं समजून घेणं जास्त अवघड होतं. हाकलल्याशिवाय माणसं पिढ्यान्पिढ्यांचं गाव का सोडतात?

त्याची सुरुवात दोनशे वर्षांहूनही मागे आहे. इंग्रजी अमदानीत हे लोक घाण्यावरून उठून मुंबईला गेले. पलटणीत भरती झाले, सुभेदारीपर्यंत चढले. रेल्वे, टपाल, कस्टम्स, इस्पितळं यांत नोकऱ्या धरल्या. १७९६ साली सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. कोचीच्या ज्यू शिक्षकांनी विधी शिकवले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्यांना हिब्रू शिकवलं, या आशेने की बायबल वाचून हे ख्रिस्ती होतील. जॉन विल्सन यांचं मराठीतलं हिब्रू व्याकरण १८३२चं आहे. झालं उलटंच. हिब्रू येऊ लागलं तसे हे लोक ख्रिस्ताकडे वळले नाहीत, यरुशलेमकडे वळले. १८४६ला मुंबईत आणि १८७४ला पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री घरातले सगळे 'पुढल्या वर्षी यरुशलेमात' असं म्हणून उठायचे आणि सण संपला की व्हिक्टोरिया टर्मिनसला कामावर हजर व्हायचे. कितीतरी दशकं या दोन्ही गोष्टी सुखाने एकत्र नांदल्या. १८९७च्या पहिल्या झायनवादी, म्हणजे ज्यूंचा स्वतःचा देश मागणाऱ्यांच्या, परिषदेसाठी मुंबईच्या बेने इस्रायलांना विचारणा झाली, तेव्हा त्यांनी नकार दिला. देवाच्या हातून जे व्हायचं त्याची आम्ही वाट पाहतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पन्नास वर्षांत चित्र बदललं. १९४७ला इंग्रज गेले, आणि ज्या खात्यांत या समाजाने घरासारखा आधार शोधला होता तिथे आपलं पुढे काय, ही धास्ती मध्यमवर्गीय घरांत शिरली. फाळणीच्या दंगली त्यांनी मुंबईत डोळ्यांनी पाहिल्या होत्या. १९४८ला इस्रायल उभं राहिलं, १९५०ला तिथे 'परतीचा कायदा' झाला, म्हणजे जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क. मुंबईत ज्यू एजन्सी या ज्यूंना इस्रायलला नेणाऱ्या संस्थेचं काम सुरू होतं, प्रवासाची सोय होत होती, तरुणांचे मेळावे भरत होते. तेव्हा भारतात सुमारे २०,००० बेने इस्रायल होते. आज चार-पाच हजार असतील.

आजींना मी थेट विचारलं. त्यांनी परातीतला हात न थांबवता सांगितलं, "माझे धनी रेल्वेत होते, बरं चाललं होतं. पण माझा थोरला दीर आधी आला, मग नणंद. त्यांची पत्रं यायची. रेवदंड्यात आमच्या वाड्यात मागे मोजून सहा-सात पुरुष उरले. योम किप्पूरच्या उपासाला मुंबईहून माणसं बोलवावी लागत. मुलगी पाळण्यात होती, सासूबाई म्हणाल्या, हिला उद्या देणार कुणाला? मग निघालो. आम्हाला कुणी जा म्हटलं नाही ग. शेजारची मंडळी बंदरापर्यंत आली, रडली."

तेव्हा पहिला गेला तो धर्मासाठी, नोकरीसाठी किंवा नुसत्या हौसेने गेला असेल, दहावा मात्र नववा गेला म्हणून जातो. लहान समाजातून माणसं निघू लागली की निघणं हेच निघण्याचं सगळ्यात मोठं कारण होऊन बसतं. आधी मिन्यान मोडतं, मग विधिवत मांस कापणारा मिळत नाही, मग मुलामुलींची लग्नं अडतात, आणि शेवटी सिनेगॉगची चावी कुणाकडे ठेवायची हा प्रश्न येतो. स्थलांतरावरच्या चर्चेत आपण छळ आणि दारिद्र्य ही दोनच कारणं शोधतो. रेवदंड्याच्या या घराला यांतलं एकही लागू नव्हतं, तरी ते उठलं.

आणि जिथे आले तिथे त्यांचं येणं निर्वेध झालं असंही नाही. अगदी पहिल्या खेपेला आलेल्यांपैकी काहींनी १९५१ साली तेल अवीवला धरणं धरलं. रंगावरून हिणवलं जातं, बरी कामं युरोपातून आलेल्यांना मिळतात, आम्हाला परत भारतात पाठवा, अशी त्यांची मागणी होती. १९५२ला त्यांतली बरीच कुटुंबं खरोखरच विमानाने मुंबईला परतली. त्यांतले पुष्कळ जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले. इकडचंही दार पुरतं उघडं नाही नि तिकडचंही नाही, अशा अवस्थेत त्यांनी ती वर्षं कशी काढली असतील, याची कल्पना केली तरी अंगावर येतं.

खरा घाव १९६२चा. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्याच हातात आहेत, नोंदणी विवाहाची सोय तिथे नाही. त्या साली मुख्य रब्बी, म्हणजे धर्मगुरू, यित्झाक निस्सीम यांच्याकडून सूचना निघाली की बेने इस्रायल वधू-वराचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. वंशात परधर्मीय मिसळले होते का, घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का. म्हणजे परतीच्या कायद्याने ज्यांना ज्यू म्हणून घरात घेतलं, त्यांनाच मांडवाच्या दारात थांबवून तुम्ही ज्यू आहात का असं विचारलं. रेवदंड्याच्या किंवा नागोठण्याच्या माणसाने पाच पिढ्यांचे कागद आणायचे कुठून?

"आमचे धनी तेव्हा यरुशलेमला गेले होते धरण्याला," आजी म्हणाल्या. "दिमोनातून, बेर-शेवातून, सगळीकडून माणसं गेली. ज्यू एजन्सीच्या इमारतीपुढे बसली, बायका-पोरं घेऊन. मी तान्ही पोर घेऊन दोन रात्री होते." १९६४चा तो उन्हाळा. शेवटी १७ ऑगस्टला इस्रायलच्या संसदेचं खास अधिवेशन भरलं. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने स्पष्ट केलं की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात नि इतरांत कसलाही भेद नाही. त्यानंतर धर्मपीठाने सूचनेतून बेने इस्रायलांचं नाव काढलं. हा सत्याग्रहच होता, आणि तो करणारी माणसं मराठी बोलणारी होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत याच्यावर एक ओळ नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. मलिद्याच्या त्या खोलीत त्या धरण्याचा एक काळापांढरा फोटो भिंतीवर होता. मधल्या फळीवर हिब्रू अक्षरं, खाली उकिडवी बसलेली, लुगडी नेसलेली माणसं. ओळखीचे चेहरे शोधायला मी उगाचच जवळ गेले.

दिमोनाहून मी लोद आणि रामलाला गेले. तेल अवीवच्या विमानतळाच्या कुशीतली ही दोन गावं. विमान कारखान्यांत नोकरी धरलेली मराठी कुटुंबं इथे पुष्कळ आहेत. रामलाच्या बाजारात मसाल्यांचा वास नाकात शिरतो आणि 'काय ताई, कुठून आलात' असं कुणी सहज विचारतं. 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक या मंडळींनी किती वर्षं चालवलं आहे. एका घरात त्याचे जुने अंक दोऱ्याने बांधून ठेवलेले पाहिले. कविता, निधनवार्ता, पाककृती, लग्नाच्या जाहिराती.

याच बाजारात मला एक गोष्ट अस्वस्थ करत राहिली. ती न सांगता हा मजकूर पुरा होणार नाही. जुलै १९४८ मध्ये इस्रायली फौजांनी लोद आणि रामला घेतली, तेव्हा तिथल्या ५०,०००हून जास्त पॅलेस्टिनी रहिवाशांना घरंदारं टाकून, भर उन्हात पायी बाहेर काढलं गेलं. जुन्या बाजाराच्या दगडी कमानी त्यांच्याच बापजाद्यांनी बांधलेल्या. त्यांच्यासाठी परतीचा कायदा नाही. रेवदंड्याच्या आजींचा यात काही दोष नाही. त्यांना जिथे नेलं तिथे त्या राहिल्या, कष्टल्या. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या नात्यावर एकाला घर मिळतं आणि आपल्या हयातीतल्या घराची किल्ली जवळ असूनही दुसऱ्याला मिळत नाही, हे मला न्यायाचं वाटत नाही. बेने इस्रायलांवर माझा जीव आहे म्हणून हे मी गिळून टाकणार नाही.

अलिबागला परतल्यावर मी पहिल्यांदा सागावला गेले. तिथल्या खडकावर एलियाहू हनाबीच्या रथाच्या चाकांच्या नि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. थंडीत तिथे इस्रायलहून आलेल्या बसगाड्या लागतात. नातवंडं नवस फेडायला येतात, आजीच्या गावाचं नाव मोबाइलवर दाखवून रस्ता विचारतात. १८४८चं मागेन आबोथ १९१०ला नव्याने बांधलं गेलं. ते आज नेटकं ठेवलेलं आहे, पण गावातली घरं इतकी कमी की मोठ्या सणांना मुंबई-ठाण्याच्या माणसांची वाट बघावी लागते. राज्य सरकारने २०१६ला ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. चांगलंच झालं, फक्त तो यायला साठ वर्षं उशीर झाला.

सगळ्यात मोठी वस्ती आता ठाण्यात आहे. तिथे १८७९चं शाअर हाशामाईम सिनेगॉग आहे आणि शब्बाथला आजही माणसं जमतात. तिथल्या एका गृहस्थांनी मला घरी नेलं. मुलगा अश्दोदला, बंदरात कामाला. मुलगी इंजिनियर, तिचाही अर्ज गेलेला. तिची कारणं मी ऐकली. पगार, भावाची सोबत, लग्न. गेल्यावर सरकारकडून पहिले काही महिने मिळणारा खर्च आणि हिब्रूचे मोफत वर्ग. यरुशलेमचं नाव तिने घेतलं नाही. तिच्या वडिलांनी घेतलं. "पण तुम्ही?" म्हणून विचारलं तर ते म्हणाले, "मी इथे शनिवारी लागतो. कधी कधी बरोबर दहाच होतो."

टेबलावर तिची फाइल पडली होती. आईवडिलांच्या लग्नाचा केतुबा, म्हणजे करारपत्र, आजीच्या लग्नाचा केतुबा, सिनेगॉगचं पत्र की हे कुटुंब इथले सभासद आहे, ज्या स्मशानभूमीत आजोबांना पुरलं तिथला दाखला. पणजीचं लग्न पेणला झालं होतं आणि तो कागद सापडत नव्हता. तिच्या आईने मला विचारलं, पेणच्या सिनेगॉगच्या जुन्या नोंदवह्या कुणाकडे असतील ठाऊक आहे का. पेणमध्ये माझ्या ओळखीची दोन माणसं आहेत, त्यांना मी त्याच संध्याकाळी फोन केले. एकाने रविवारी शोधून बघतो म्हटलं आहे.